सुंभ आणि पीळ : बंदुकीच्या नळीची निवड



साहित्यप्रेमी मंडळींच्या व्याख्यानमालेत बंदुकीच्या नळीला जागा कशी मिळाली, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण बंदूक आपल्या भाषेत केव्हाच शिरलेली आहे. पुढाऱ्याच्या भाषणाचा बार फुसका निघतो, भावकीच्या भांडणाला कोणीतरी बत्ती देतो, चुकलेल्या कारकुनाला साहेब तोफेच्या तोंडी देतो. गंमत अशी, की या बोलण्यात आवाज आहे, जाळ आहे, धूर आहे. नळी मात्र नाही. म्हणीत जी एक नळी सापडते ती सोनाराची, फुंकायची. बंदुकीचे सारे यशापयश तर त्या दुर्लक्षित नळीतच ठरते. आज तिच्याविषयी बोलायचे आहे, आणि तेही एकाच प्रश्नाच्या अंगाने : रायफलची नळी अचूक निवडावी की टिकाऊ?

हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. अशा बातम्यांनंतर मध्यमवर्गीय घरांतही मुलाला किंवा मुलीला रायफल घेऊन देण्याचा विचार सुरू होतो. स्पर्धेची रायफल म्हणजे काही लाखांचा मामला. घरचे विचारतात, 'चांगली टिकणारी घ्यावी की अचूक मारणारी?' रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना काढलेला शेतकरी हेच विचारतो. सैनिक विचारत नाही, कारण त्याची बंदूक दुसऱ्याने निवडलेली असते. पण त्या निवडीवर जीव त्याचा अवलंबून असतो. या तिघांची उत्तरे वेगळी आहेत. मात्र माझे म्हणणे असे, की मुळात प्रश्नच थोडा चुकीचा आहे. अचूकपणाला वय असते, आणि 'नळी टिकली' याचा अर्थ ती फुटली नाही असा नसून तिचा नेम टिकला असा घ्यायला हवा. एवढे एकदा पटले, की पुढची निवड पुष्कळ सोपी होते.

आधी नळी करते काय, ते पाहू. काडतूस पेटले की दारूचा वायू होतो. नव्या सैनिकी रायफलमध्ये हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ४,००० पट होतो आणि वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात घडते. या अवधीत नळीला तीन कामे करावी लागतात. दाब सोसायचा, गोळीला सरळ वाट द्यायची आणि तिला स्वतःभोवती फिरवायचे. पहिले काम ताकदीचे, उरलेली दोन अचूकपणाची. इतिहासात माणसाने आधी पहिल्या कामाचा विचार केला.

त्याचा उत्तम दाखला 'आईन-इ-अकबरी'त आहे. १५७३ साली सुरतेचा किल्ला जिंकणाऱ्या अकबराला बंदुकांचा नाद होता, आणि अबुल फजलने त्याच्या कारखान्याची हकीगत तपशिलाने लिहिली आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या दोन कडा जोडत आणि नळी करत. असा सांधा नळीच्या लांबीभर सरळ जातो. दाब वाढला की तिथेच नळी उकलते. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरपा गुंडाळत, घडीवर घडी चढवत आणि भट्टीत तापवून एकजीव करत. सांधा नळीभोवती मळसूत्रासारखा फिरला, म्हणून दाबाला उकलायला सरळ रेषच उरली नाही. पूर्वी नळी चतुर्थांशाहून जास्त भरायची सोय नव्हती, आता ती तोंडापर्यंत भरून उडवली तरी फुटत नाही, असे अबुल फजल सांगतो. नळीतला हा पहिला पीळ. तो बाहेरच्या अंगाला, धातूत होता आणि ताकदीसाठी होता.

आत मात्र नळी गुळगुळीतच होती. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकाही अशाच. सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून शिवाजी महाराजांनी ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतल्याची नोंद अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म करतो. त्या शिशाच्या गोळ्या नळीच्या व्यासापेक्षा थोड्या लहान ओतत. तसे केले नाही, तर दोन-चार बारांनंतर दारूची राख साचलेल्या नळीत गोळी तोंडातून ठासताच येत नसे. पण सैल गोळी जाताना नळीच्या भिंतींवर आपटत जाते आणि शेवटच्या आपटीला जिकडे तोंड असेल तिकडे निघते. म्हणून त्या काळच्या लढाईत नेमापेक्षा अनेकांनी एकदम झाडलेल्या फैरीला महत्त्व होते. त्यात बंदूकधाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या हातातल्या नळीची ती मर्यादा होती.

दुसरा पीळ नळीच्या आत आला. नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्राच्या चालीच्या खाचा पाडल्या, की गोळी त्यांत रुतून फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा जसा कलंडत नाही, तशी फिरती गोळी हवेत कोलांट्या खात नाही. रायफल हे नावच या खाचा पाडण्यावरून पडले. नेमबाजीच्या ५.६ मिलिमीटर रायफलमध्ये गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला साधारण ४० सेंटिमीटर लागतात. तिचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास धरला, तर ती सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेत निघते. पीळ किती दाट असावा हे गोळीच्या लांबीवर ठरते. लांब गोळीला दाट पीळ लागतो, आखूड गोळीला विरळ पुरतो. म्हणजे इथेच एक गोष्ट कळते, की नळी एकटी निवडता येत नाही. स्थळ पाहताना दोन्हीकडच्या पत्रिका पाहाव्या लागतात, तसे नळीबरोबर गोळी आणि दारूही पाहावी लागते.

ही पत्रिका न जुळल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश फौजेचे आहे. १८८८ साली तिने ली-मेटफर्ड ही .३०३ व्यासाची रायफल स्वीकारली. मेटफर्डच्या नळीत सात खाचा होत्या, उथळ आणि गोलसर कडांच्या. ही रचना काळ्या दारूसाठी विचारपूर्वक केलेली होती. काळी दारू जळाल्यावर पुष्कळ राख मागे ठेवते. गोलसर खाचांत ती कमी अडकते आणि पुसायला सोपी जाते. नळी अचूकही होती. पण पाठोपाठ कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. ती राख कमी ठेवी, पण फार तप्त जळे. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. त्या धगीने मेटफर्डच्या उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. नळी फुटली नाही, वाकली नाही, बाहेरून पाहता नवीच्या नवी. आतले आटे मात्र गेलेले. आपण म्हणतो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. इथे नेमके उलटे झाले : सुंभ शाबूत राहिला आणि पीळ जळून गेला.

१८९५ मध्ये त्याच रायफलला नवी नळी बसवली गेली. पाच खाचा, अधिक खोल आणि चौकोनी कडांच्या. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यावरून तिला ली-एनफिल्ड हे नाव पडले. मग दारूही बदलली. १९०१ च्या सुमारास आलेल्या सुधारित कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले गेले. दोन्ही बाजूंनी तडजोड झाली तेव्हा संसार मार्गी लागला. हीच .३०३ पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनली आणि आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिली.

दारू आणि नळीची ही गाठ आपल्या घरांशीही संबंधित आहे. काही वाड्यांत पिढीजात बंदुका आहेत. त्यांतल्या काहींच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींत गुंफून घडवलेल्या असतात. पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी सुंदर नक्षी दिसते. त्या काळ्या दारूच्या मानाने बनवलेल्या आहेत. परवाना असला, काडतूस आत बसत असले, तरी आजचे धूरविरहित काडतूस अशा नळीत उडवणे म्हणजे हातात स्फोट घेणे होय. शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेली वस्तू उद्याही टिकेल, हे अनुमान नळीच्या बाबतीत घातक ठरते.

टिकाऊपणाचा दुसरा शत्रू गंज. त्याचा धडा अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मोठी किंमत देऊन घेतला. १९६५-६६ च्या सुमारास तिथे पाठवलेल्या एम-१६ रायफलींच्या नळीला, आणि जिथे काडतूस बसते त्या चेंबरलाही, क्रोमचा मुलामा नव्हता. हवा दमट, पाऊस मुबलक. सैनिकांना साफसफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते. त्यातच काडतुसातली दारू बदललेली. चेंबर गंजून खडबडीत झाली, उडालेले काडतूस आत चिकटून बसू लागले आणि ऐन चकमकीत रायफली बंद पडल्या. सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. त्यानंतर आधी चेंबरला आणि पुढे संपूर्ण नळीला आतून क्रोम देणे सुरू झाले. कलाश्निकोव्हच्या रशियन रायफलींत ही पद्धत आधीपासून रुळलेली होती.

क्रोम का? ते कठीण असते, गंजत नाही आणि सुमारे १,९०० अंशांपर्यंत वितळत नाही. लोखंड १,५३८ अंशांना वितळते. मग प्रत्येक नळीला क्रोम का देत नाहीत? याचे उत्तर सुरतेत राहणाऱ्याला पटकन समजेल, कारण जरीच्या या शहराला मुलामा म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. मुलामा कितीही काळजीने चढवला, तरी तो सर्वत्र सारखाच जाड बसेल याची हमी नसते. कडांवर थोडा जास्त, कोपऱ्यांत थोडा कमी. जरीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. नळीत मात्र खाचांच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही गोळी ओळखते. म्हणून क्रोम दिलेली नळी सहसा थोडा नेम देते आणि पुष्कळ आयुष्य घेते. अलीकडे नायट्रायडिंगचा मार्गही वापरतात. त्यात वरून थर चढत नाही, पोलादाच्याच कातडीत नायट्रोजन मुरवून ती कठीण करतात. मापे जवळजवळ तशीच राहतात आणि गंजापासून बराच बचाव होतो. पण पोलाद आधी नीट निवडलेले आणि काम पूर्ण झालेले हवे.

आता धातूकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले चिवट पोलाद. हे मार सोसते, स्वस्त पडते, क्रोमचा मुलामाही घेते. पण उघडे ठेवले तर गंजते. दुसरे स्टेनलेस. त्याच्यावर यंत्रकाम अतिशय साफ होते, आतली भिंत घासून आरशासारखी करता येते. स्पर्धेच्या अनेक नळ्या याच पोलादाच्या असतात. मात्र स्टेनलेस या नावाने गाफील राहू नये. नळ्यांसाठी वापरतात ते स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या भांड्यांइतके गंजरोधक नसते. हजिऱ्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात किंवा कोकणच्या पावसाळ्यात त्यालाही तेलाचा हात लागतोच.

खाचा कशा पाडल्या यावरही पुष्कळ ठरते. पहिली पद्धत कापण्याची. एक बारीक पाते नळीतून पुन्हा पुन्हा ओढून प्रत्येक खाच हळूहळू खोल करतात. वेळ फार लागतो, कारागीर कसबी लागतो, पण धातूत ताण राहत नाही. दुसरी बटणाची : अतिशय कठीण धातूचे, उलट्या खाचांचे बटण नळीतून जोराने ढकलतात किंवा ओढतात आणि ते धातू दाबून खाचा उठवते. ही पद्धत जलद आहे, आतला पृष्ठभाग नितळ मिळतो. पण दाबलेल्या धातूत ताण राहतो, तो तापवून काढावा लागतो. तिसरी हातोड्यांची. नळीत खाचांच्या उलट आकाराची दांडी ठेवून बाहेरून यंत्राचे हातोडे चहूबाजूंनी ठोकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मशिनगनच्या नळ्या भराभर हव्या होत्या, तेव्हा जर्मनीत ही पद्धत पुढे आली. ठोकून घट्ट झालेला पृष्ठभाग झिजेला दाद देत नाही. सैनिकी नळीला ही पद्धत फार सोयीची, आणि काळजीपूर्वक केल्यास नेमही उत्तम मिळतो.

पद्धतीच्या नावावरून मात्र नळीची किंमत करू नये. शेवटी महत्त्वाचे असते ते छिद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे आहे का, हे. शिशाचा साचेबंद गोळा आणि बारीक घासणी पूड घेऊन कारागीर नळीच्या आतून हाताने फिरवतो आणि बोटांना लागणारी घट्ट-सैल जागा घासून काढतो, याला लॅपिंग म्हणतात. घाटावर हिऱ्याचा पैलू पाडताना सुरतेचा कारागीर जो हाताचा अंदाज वापरतो, त्याच जातीचे हे काम आहे.

नळीची जाडीही निवडावी लागते. नळीचा बाहेरचा व्यास दीडपट केला तर तिचा ताठपणा सुमारे पाचपट होतो. जाड नळी कमी कंप पावते, उशिरा तापते. पातळ नळी पाच-सहा गोळ्यांत तापते आणि आत ताण उरलेला असेल तर किंचित वाकते. नेम सरकू लागतो. स्पर्धेतला नेमबाज जाड नळी घेतो, कारण त्याला ती घेऊन डोंगर चढायचा नसतो. सैनिकाला चढायचा असतो.

नळी सर्वांत आधी झिजते ती चेंबरच्या पुढे, जिथे गोळी प्रथम खाचांत शिरते. या जागेला घसा म्हणतात, आणि तप्त वायूची पहिली झळ त्यालाच बसते. घसा झिजला की गोळी खाचांत शिरण्याआधीच थोडी तिरकी होते. मोठ्या दाबाच्या रायफलीत काही हजार गोळ्यांनंतर हे दिसू लागते. सलग, भराभर झाडल्यास त्याहून लवकर. ५.६ मिलिमीटरच्या नेमबाजीच्या रायफलमध्ये दाब निम्म्याहून कमी, दारू चिमूटभर आणि गोळी मऊ शिशाची. तिची नळी नीट राखली तर सरावाची वर्षांमागून वर्षे साथ देते. तिथे झिजेपेक्षा चुकीची सफाई जास्त घात करते. गज तोंडाकडून खुपसला, तो खाचांच्या शेवटच्या कडेवर घासला, की गोळी बाहेर पडतानाची अखेरची कडाच बिघडते. गज मागून, मार्गदर्शक नळकांडे लावून घालावा. चिंधी मऊ असावी. पावसाळ्यात तेलाचा पातळ हात द्यावा आणि नेम धरण्यापूर्वी तो पुसून काढावा.

आता तिघांकडे परत येऊ. नेमबाजाचे लक्ष्य ५० मीटरवर, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. त्याने क्रोमच्या नादी लागू नये. घासून एकसारखी केलेली जाड नळी घ्यावी, आणि तीही काडतुसांबरोबर तपासून. इली, लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंजात पकडून वेगवेगळ्या तुकड्यांतली काडतुसे उडवतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन तुकड्या एकाच नळीत वेगळ्या वागतात. जी तुकडी लहान गठ्ठ्यात छिद्रे पाडते ती नेमबाज साठवून ठेवतो. नवी नळी घेण्यापूर्वी जुन्या नळीची काडतुसे बदलून पाहिली, तर कित्येकदा लाखाचा खर्च वाचतो. शेतकऱ्याला हंगामात मोजक्या गोळ्या झाडायच्या असतात. त्याची नळी झाडून झिजत नाही, कोपऱ्यात उभी राहून गंजते. त्याला गंज रोखणारी, मध्यम वजनाची नळी पुरते, आणि तिच्यात फेरफार करायचा झाला तर परवानाधारक दुकानातच करावा. सैनिकासाठी निवडणाऱ्याने आधी चिखल, घाम आणि सलग झाडणे डोळ्यांपुढे आणावे. ठोकून घडवलेली, आतून क्रोम दिलेली नळी तिथे योग्य, मग तिचा गठ्ठा स्पर्धेच्या नळीपेक्षा थोडा मोठा का पडेना. शंभर मीटरवर दोन बोटांचा फरक त्याला परवडतो, बंद पडलेली रायफल परवडत नाही.

तेव्हा दुकानदाराने 'ही आयुष्यभर जाईल' असे सांगितले, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या काडतुसाने, कसल्या हवेत, आणि किती गोळ्यांपर्यंत हिचा नेम असाच राहील? तिन्हींची उत्तरे तो देऊ शकला, तर नळीचा प्रकार कोणता हे त्या उत्तरांतूनच ठरेल. देऊ शकला नाही, तर नळी कितीही चकचकीत असो, पैसे खिशातच ठेवावेत.